बाटलीतले तीळ

फोन वाजला तेव्हा सुधाताईंना वाटलं, पुन्हा सिमकार्डवाल्यांचा असेल. दौलतगंजातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दुसऱ्या कुणाचा फोन सहसा येत नसे.

"ताई, मी विनिता. मुरैनावाली. तुमची शेवटची बॅच."

"ओळखलं. रडतेस का?"

"मला कामावरून काढलं. पेशंट हॉस्पिटलात आहे. घरचे म्हणतात, मी त्यांना तोंडाने खायला घातलं. आज पाच वाजता नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार जाणार. मेरा रजिस्ट्रेशन चला जाएगा, ताई."

सुधाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या. एक्काहत्तर वर्षांचं वय. नर्सिंग शिकवणं सोडून चार वर्षं झाली होती.

"अगं, मी काय करणार? मला आता कोण विचारतं?"

"तुम्ही विचारा ना."

सुधाताईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. त्यांनी शाल घेतली आणि कुलूप लावलं. कुठे जाते हे सांगावं असं जिन्यात कुणी नव्हतं.

विनिता हजीऱ्याच्या चौकात उभी होती. थंडीने ओठ फुटलेले. सुधाताईंनी चहा घेऊ दिला, मग विचारलं,

"पेशंट कोण?"

"जयसिंहराव. बहात्तर वर्षं. डिसेंबरात अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही. सगळं नाकातल्या नळीने द्यायचं."

"संक्रांतीला काय झालं?"

"चार वाजता मी गच्चीवर ओली चादर वाळत घालायला गेले. दहा मिनिटं. परत आले तर ते निळे पडत होते. सक्शन मशीनने घशातलं ओढून काढलं, सगळ्यांना हाका मारल्या. रात्री ताप चढला. छातीत गेलं होतं."

"घरात कोण होतं?"

"त्यांच्या मिसेस, शांताताई. स्वयंपाकाच्या मंदाताई. आणि मुलगा अंशुलदादा. ते आदल्याच दिवशी पुण्याहून आले."

"सक्शनमध्ये काय निघालं?"

"तीळ."

"आणि तुझ्या पिशवीत?"

विनिताने मान खाली घातली. "गजक, तिळगुळाचा. आईने पाठवलेला. अंशुलदादांनीच तो सगळ्यांना काढून दाखवला."

जयसिंहरावांच्या घरचं दार शांताताईंनी उघडलं. बारीक, नीटनेटक्या बाई. विनिता फाटकाबाहेरच थांबली.

"विनिताला मी शिकवलंय. पण तिची बाजू मांडायला आले नाही," सुधाताई म्हणाल्या. "फक्त समजून घ्यायला आले."

"या. बसा." शांताताई स्वतः उभ्याच राहिल्या. "मुलगी वाईट नाही हो. पण तीळ दुसरीकडून येणार कुठून? आमची नणंद इथेच असायची, अंशुलला तिनेच वाढवलं. दिवाळीत गेली. म्हणून यंदा सण नाही. मी घरात तीळ आणलाच नाही."

"हाका ऐकल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"देवापाशी. धावत आले तर हे कुशीवर होते, डोकं वर केलेलं. ती तोंडातलं काढत होती."

स्वयंपाकघरातून मंदाताई पदराला हात पुसत आल्या.

"मलाही विचारून घ्या. सणाच्या दिवशी माणसाच्या नाकात वरणाचं पाणी! माझा जीव तुटत होता. पण मी नाही घातलं. त्या पोरीने आमची रोज परीक्षा घेतलीय. आधी पलंगाचं हँडल, मग डोकं वर, मग नळी. शांतावहिनींचं मनगट दुखतं, म्हणून हँडल मीच फिरवते. भाजीत मीठ विसरेन एकवेळ, हँडल नाही विसरणार."

"विनिताचा गजक तुम्ही पाहिला होता?"

"पाहिला? खाल्ला! एक वडी दिली तिने मला. उरलेला द्यायला तयार नव्हती. म्हणाली, कुणाला तरी न्यायचाय."

पेशंटच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवली होती. पलंगाशेजारी सक्शन मशीन तसंच पडलेलं. तीन दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. सुधाताईंनी चष्मा पुसला आणि बाटली उजेडात धरली. तळाशी तपकिरी थर वाळला होता, त्यात पांढरे तीळ. सबंध, अख्खे.

खिळ्याला नोंदींचा कागद लटकत होता. विनिताचं गोल अक्षर: "४.००. डोके ३० अंश उंच. रुग्ण शांत."

"झालं का बघून?"

दारात अंशुल होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, आवाज सभ्य.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"समोरच्या खोलीत. ऑफिसचा कॉल चालू होता. ओरडणं ऐकलं, सगळ्यांत शेवटी मी आलो. त्याआधी दुपारभर या खोलीत पाऊल ठेवलं नाही." त्याने एक कागद पुढे केला. "ही तक्रार. वाचा हवी तर. मला तिच्याशी वैर नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं असं होऊ नये."

सुधाताईंनी वाचलं. 'नर्सने रुग्णास पलंगावर सपाट निजलेल्या स्थितीत तोंडाने घन पदार्थ भरवला...' त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग कागद त्याच्या हातात दिला आणि बाहेर फाटकाशी गेल्या.

"विनिता, चार वाजता तू गच्चीवर होतीस. मग चारची नोंद कुणी केली?"

विनिताने नजर फाटकाकडे वळवली.

"मी तुला हे शिकवलं होतं का?"

"तीनलाच लिहून ठेवली होती. सगळ्या तसंच करतात, ताई. एकटीने बारा तास... आधी लिहिलं की काम उरकतं."

"डोकं वर होतं का?"

"नाही," ती हळूच म्हणाली. "चादर बदलायला पलंग सपाट केला होता. वाटलं, ओली चादर टाकून येते, मग वर करते."

"मग वर कधी केलंस?"

"परत आले तेव्हा. सर्वांत आधी तेच. मग कुशीवर घेतलं, मग मशीन लावलं, मग हाका मारल्या."

"पलंग सपाट होता हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. मेरी ही गलती थी ना. घाबरले."

सुधाताई क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. आपण चुकलो तर? हॉस्पिटलात पडलेल्या माणसाच्या घरात शिरून काय बोलणार आहोत आपण?

"आत चल," त्या म्हणाल्या.

चौघंही पलंगापाशी जमली. सुधाताईंनी हात शालीत घेतले.

"मला नीट बोलता येत नाही. चुकलं तर सांगा. आधी तीळ. मुरैन्याचा गजक कुटून करतात, त्याचे पदर सुटतात. त्यात असा अख्खा तीळ राहत नाही. बाटलीतला तीळ सबंध आहे. हा घरी वळलेल्या लाडवातला. आणि या घरात तर लाडू वळले नाहीत."

मंदाताईंनी पटकन अंशुलकडे पाहिलं.

"एवढ्यावरून?" अंशुल म्हणाला.

"एवढ्यावरून मी तोंड उघडलं नसतं. त्या वेळी पलंग सपाट होता. मंदाताई किंवा शांताताई काही भरवायला गेल्या असत्या, तर आधी हँडल फिरलं असतं. हाताला सवयच लागलीय. म्हणजे भरवणाऱ्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं."

"पण डोकं तर वर होतं," शांताताई म्हणाल्या. "मी पाहिलं."

"तुम्ही येण्याआधी विनिताने वर केलं. तुम्ही वरच पाहिलं, मंदाताईंनीही. कागदावर तिने खोटी नोंद केली, तीही 'डोके उंच' अशीच. भीतीने ती कुणाला बोललीही नाही. म्हणजे सपाट पलंग पाहिला दोघांनी. एक विनिता. दुसरा, तिच्याआधी इथे होता तो." सुधाताईंनी खालच्या आवाजात विचारलं, "अंशुल, तुम्ही शेवटी आलात ना? मग तक्रारीत 'सपाट' कुठून आलं?"

अंशुल वडिलांच्या रिकाम्या पलंगावर बसला.

"श्रुतीने तिळाच्या लाडवांचा डबा दिला होता. माझ्या बायकोने. आई, तुला वाईट वाटेल म्हणून मी बॅगेतून काढलाच नाही." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "आत्याच्या वेळी मी आलो नाही. बाबा फोनवर म्हणाले, मी मेलो तरी येऊ नकोस. त्यानंतर आम्ही बोललोच नाही. नंतर त्यांचं बोलणंच गेलं. मी फक्त हातावर ठेवणार होतो, डाव्या हातावर. म्हटलं, बाबा, तिळगूळ घ्या. आणि त्यांनी तोंड उघडलं."

शांताताई त्याच्याकडे वळल्या.

"मी एवढासा तुकडा ठेवला. त्यांनी चावलाही. मग ठसका लागला. मला काही सुचेना. जिन्यावर विनिताची पावलं ऐकली आणि मी माझ्या खोलीत गेलो. वाटलं, ती बघेल."

"तिने बघितलं," सुधाताई म्हणाल्या. "म्हणून ते अजून आहेत. नंतर तुम्ही तिची पिशवी उघडलीत."

अंशुलने होकारार्थी मान हलवली.

"तोंड उघडलं त्यांनी?" शांताताईंनी विचारलं. "तुझ्याकडे बघून?"

"हो."

"मी तीन आठवडे बोलतेय त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकदासुद्धा बघितलं नाही माझ्याकडे."

मंदाताई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

सुधाताईंनी अंशुलला आधी हॉस्पिटलात फोन करायला लावला. काय दिलं, किती दिलं, किती वाजता, सगळं डॉक्टरांना कळायला हवं होतं. मग त्याने तक्रार फाडली आणि विनिताला पाठवणाऱ्या नर्सिंग एजन्सीला दुसरं पत्र लिहिलं. घडलं तसं. सही करताना विचारलं,

"बाबांना कळलं असेल का, मी पळालो ते?"

"मला माहीत नाही," सुधाताई म्हणाल्या. "भेटायला गेलात की त्यांच्या डाव्या बाजूला बसा. तो हात अजून हलतो."

विनिताचे डोळे पुसून झाले होते. सुधाताईंनी तिच्यापुढे नोंदींचा कागद धरला.

"चारच्या ओळीवर एकच रेघ मार. खालचं दिसलं पाहिजे. पुढे खरं लिही आणि सही कर."

"ताई, एजन्सी ठेवणार नाही मग."

"कदाचित नाही ठेवणार. पण कौन्सिलने विचारलं तर मी येईन तुझ्याबरोबर. मला दुसरं काम नाही."

विनिताने पेन घेतलं. 'पलंग सपाट होता. मी खोलीत नव्हते.' अक्षर गोलच होतं, जरा हललेलं.

फाटकाशी मंदाताई धावत आल्या आणि विनिताच्या हातात तिची पिशवी दिली. दोघी टेंपो-रिक्षाच्या थांब्याकडे चालू लागल्या. उन्हात ऊब नव्हती. चौकात विनिताने पिशवीतून दोऱ्याने बांधलेला पुडा काढला. कागद फाटला होता, दोरा कुणीतरी पुन्हा कसाबसा गुंडाळला होता.

"संक्रांतीला ड्यूटी संपल्यावर तुमच्याकडे येणार होते," ती म्हणाली. "आईने तुमच्यासाठी दिला होता. आता सगळा तुटलाय."

सुधाताईंना त्या संध्याकाळी आपण काय करत होतो ते आठवेना. दार लावून लवकर निजल्या असतील.

"तुटला तर तुटला," त्या म्हणाल्या. "घरी चल. चहाबरोबर खाऊ."