जुम्म्याच्या दुपारचं रनिंग

गाडी असो की माणूस, वेळच्या वेळी लक्ष दिलं तर दगा देत नाही. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला. डिझेल फिल्टर कंपनी म्हणते वीस हजाराला, पण आपल्याकडची धूळ अन् आपल्याकडचं डिझेल बघता मी पंधराच्या पुढं जाऊ देत नाही. ऐकतंय कोण? रस्त्यात बंद पडली की ट्रॅक्टरला बांधून आणतात, अन् वर मलाच विचारतात, जमीलभाई, असं कावून झालं?

वडवणीत बीड-परळी रस्त्याला माझं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढं एक शटर, मागं भिंत. अमरसिंहदादांची पांढरी डिझेल गाडी पहिल्यापासून माझ्याकडंच. दादांची मोठी बागायत, तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. गाडी चालवतो बजरंग. पन्नाशी ओलांडलेला, सरळ माणूस, दारू नाही की तंबाखू नाही.

अकरा एप्रिलला बजरंग गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला. ऑइल बदललं. ऑइल, एअर, डिझेल, तिन्ही फिल्टर नवे टाकले. मीटरला चौसष्ट हजार तीनशे दहा. तो आकडा स्टिकरवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला अन् डिझेल फिल्टरवर पिवळ्या पेंटनं तारीख टाकली. मिस्त्रीनं जुनाच माल ठेवला असं उद्या कुणी म्हणायला नको.

बजरंग त्या दिवशी लई खुशीत होता. सव्वीसला, रविवारी, त्याच्या सायलीचं लग्न. पोरगा लिंबागणेशचा. एकुलती एक लेक, बापाच्या गळ्यातला ताईत. "जिनतभाभीला घिऊन यायचं, जमीलभाई. नुसती पत्रिका ठिवून घ्यायची न्हाई," म्हणाला.

बावीसला गाडी परत दारात. धक्के खात आली. पिकअप नाही, चढाला दम तोडते, म्हणाला. मी हसलो. डिझेलात पाणी आलं असेल, दुसरं काय! फिल्टर काढून उलटा केला तर आतून काळाकुट्ट घट्ट गाळ आला. एवढा गाळ साचायला सालभर लागतं. पण अंगावर माझ्याच हाताची पिवळी तारीख, अकरा एप्रिल.

मग मीटर बघितलं. पंच्याहत्तर हजार नऊशे साठ.

अकरा दिवसांत साडेअकरा हजारांच्या वर. दिवसरात्र, मुताय सुद्धा न थांबता, ताशी चव्वेचाळीसच्या चालीनं पळवली तर एवढं रनिंग होतं. अन् गाडी तर दिवसभर दादांच्या दारात उभी असते.

एअर फिल्टर काढून फरशीवर आपटला. धुळीवरून गाडी कुठं फिरली ते मी सांगू शकतो. माजलगावाकडची काळी, चिकट. आपल्या डोंगराकडची तांबूस, मुरमाड. ही पांढरी होती. पिठाहून बारीक, चिमटीत धरली तरी थांबेना. तापलेल्या बॉनेटखालून काढलेली ती धूळ बोटांना गार लागत होती. मी हात धुतले, साबण लावून दोनदा.

तासाभरात दादा आले. आकडा ऐकून त्यांचं टाळकंच फिरलं.

"रातच्याला भाडी मारतंय हे. भेसळीचं डिझेल घालून. म्हणून फिल्टर चोक झाला. काय, जमीलमिस्त्री?"

"दादा, रोज हजार किलोमीटर! माणूस मरून जाईल."

"मग मीटर बिघडलंय म्हण. छातीवर हात ठेवून म्हण, मी सोडून देतो."

मी हातातला फिल्टर परत उलटा करून बघितला. मीटर एक वेळ खोटं बोलेल, पण तो गाळ कुणी खोटा आणायचा?

दादांनी बजरंगकडं बघितलं सुद्धा नाही. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत गाडी तुझ्याकडं ठेव. मीटर बिघडलं नसेल, तर रविवारी मांडवात येऊन पाव्हण्यांसमोर सांगतो, तुमचा व्याही चोर हाय."

ते गेल्यावर मी बजरंगवर उखडलोच. "खरं सांग बे! एका शब्दानं तुझी अब्रू वाचती, पण तो शब्द खोटा असला तर मी न्हाई बोलणार."

त्याचे डोळे भरले. "लेकीच्या हळदीची आण, भाऊ. घरात वीस पाव्हणे झोपलेत. मी उठून गेलो तर कुनाच्या तरी अंगावर पाय पडंल." मग खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळी सीटवर बसलो की सीट ऊन लागती. आत्ताच कुनी उठून गेल्यावानी."

हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. मी म्हणालो, उन्हाळा आहे, सीट ऊन नाही लागणार तर काय गार लागणार?

गुरुवारी मी गाडी चार स्टँडवर उचलली, चारी चाकं काढून भिंतीला लावली. डिझेल अन् एअर फिल्टर नवे टाकले. किल्ली माझ्या खिशात. शुक्रवारी सकाळी बघितलं, रनिंग तेवढंच. पंच्याहत्तर हजार नऊशे साठ. माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच ध्यानात आलं. आता दादा म्हणणार, बघ, बजरंग लांब राहिला की मीटर जागेवर राहतं.

बजरंगलाही ते कळलं. अकराच्या सुमारास तो आला. "मी गाडीपाशी बसतो. तुमच्या डोळ्यांदेखत. मग तरी पटंल."

बसला. बारा वाजले, एक वाजला, आकडा हलला नाही. मला जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. तो म्हणाला, "शटर वढून भायेरून कुलूप लावा. किल्ली घिऊन जावा. म्हंजे कुनी काय म्हनाय नगं."

पत्रा तापला होता. उकाडा असा की कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरत होता. मीच म्हणालो, "खाली कावून बसतोस? दारं उघडी टाक अन् आत बस की." मीच म्हणालो. हे आजही घशाखाली उतरत नाही.

मी निघालो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. परत आलो तेव्हा दोनला पाच कमी. कुलूप तसंच होतं.

शटर वर केलं अन् पहिल्यांदा आवाज ऐकला. टिक. टिक. लांबून आलेलं इंजिन बंद केल्यावर गार होताना करतं, तसा.

धूर नव्हता. डिझेलचा वास नव्हता. चाकं भिंतीला होती तिथंच होती.

बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला.

गाडीची चारी दारं बंद होती, काचा वर. पांढऱ्या धुळीनं काच आंधळी झालेली. आतल्या बाजूनं.

दार ओढलं. बजरंग ड्रायव्हरच्या सीटवर होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे पुढं, शेडच्या मागच्या भिंतीकडं.

"बजरंग."

त्यानं मान वळवली नाही.

मी वाकून किल्ली घातली, फिरवली. मीटर उजळलं. एक लाख एकवीस हजार चारशे सात.

डोक्यात आपोआप भागाकार झाला. त्याच चव्वेचाळीसच्या चालीनं, दिवसरात्र, त्रेचाळीस दिवस.

मी त्याची बोटं एक-एक करून सोडवली अन् त्याला खाली उतरवलं. तो हलका लागला, लई हलका. माठातलं पाणी दिलं. तांब्या खाली ठेवला नाही, तीन तांबे प्याला. लेकीच्या लग्नासाठी कालच त्यानं न्हाव्याकडं जाऊन केस काळे करून घेतले होते. आता ते कानावर आले होते, अन् मुळाशी नखभर पांढरे होते.

मी त्याच्या खांद्याला धरून म्हणालो, "सुटलास तू, बजरंग. मी सांगतो दादांना. मी डोळ्यांनी बघितलं. कुणी तुला चोर म्हणणार न्हाई."

त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बाहेर रस्त्यावरून परळीची एसटी गेली, तिच्याकडं तो बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. लई दिवसांनी घरी आलेला माणूस जसं विचारतो तसं त्यानं विचारलं,

"माज्या सायलीचं कन्यादान कुनी केलं, भाऊ?"