बांदाची पिंपं

मिडेलबर्गच्या वखारीत बांदा बेटांवरचं पिंप फोडलं, की आधी चुन्याची धूळ उडे आणि मग जायफळाचा वास येई. परक्या कुणी पेरलं तरी रुजू नये म्हणून तिकडे जायफळं चुन्यात बुडवूनच भरत. भरणारा तोच चुनकट पंजा झाकणाच्या आतल्या बाजूला उमटवी. माल कुजका निघाला तर कुणाला धरायचं, ते कळे.

पीटरनेला अकरा वर्षं इथे जायफळं निवडत होती. तिचा नवरा योस्त बांदाला पिंपं भरायचा. तो तापाने गेल्याचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. आता पिंपं बांधणाऱ्या मरिनुसशी तिचं ठरलं होतं. चर्चमध्ये दोन रविवार पुकारा झाला. तिसऱ्या रविवारीही कुणी हरकत घेतली नाही, की लग्न.

गुरुवारी नव्या जहाजाचं पहिलं पिंप फोडलं. झाकणावर पंजा होता. करंगळी नव्हती, अनामिका अर्धी.

तो योस्तचा हात होता. मुकादम क्राइनने झाकण उजेडात धरलं. त्यावर शिक्का गेल्या हंगामाचा, योस्त गेल्यानंतरचा.

"पोरी, दोरखंडात बोटं गमावलेले तिथे पैशाला पासरी मिळतात," तो म्हणाला. "लग्न तोंडावर आलं की बायकांना भलतंच दिसतं. माझीला तर मी देखणा दिसलो होतो."

पीटरनेला हसली.

शुक्रवारच्या पिंपावरही तोच पंजा निघाला. आठ महिने समुद्रावर काढूनही चुना ओलसर होता.

शनिवारचं पिंप मरिनुसने स्वतः फोडलं. झाकणावरून चुन्याचा ओघळ आला. त्याने तो बाहीने पुसला.

"कुणाला बोलू नकोस. उद्याचा दिवस जाऊ दे."

"आणि तो जिवंत असला तर?"

"असता तर आला नसता का?"

रविवारी पाद्रीबाबांनी दोघांची नावं वाचली. कुणाची हरकत आहे का, विचारलं.

कुणी बोललं नाही.

पाद्रीबाबा मात्र मागच्या बाकांकडे बघत राहिले, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यावं तसे. मग त्यांनी वही मिटली.

"त्यांचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलंच आहे," ते म्हणाले. "हे लग्न होणार नाही."

मरिनुसने पीटरनेलाकडे पाहिलं. तिनेही काही ऐकलं नव्हतं.

बाकांवरच्या माना संथपणे हलत होत्या. शेवटच्या बाकावर क्राइन टोपी उचलून, सरकून, कुणाला तरी बसायला जागा करून देत होता.