शेजारच्या खुर्चीचा माईक

ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. माझ्या मावसभावाच्या, नवनाथच्या बाबतीत घडलेली आहे. पटत नसेल तर काळेवाडीत जाऊन त्याला विचारा. फक्त दुपारी जाऊ नका, तो झोपलेला असतो.

गेल्या वर्षीचा मार्च महिना. शनिवार. संध्याकाळचे साडेसात. रावेतमधल्या एका सोसायटीचा हॉल.

सोसायटीचं नाव सांगत नाही. लोक अजून तिथंच राहतात.

नवनाथ आमच्या बीडकडचा. चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर एकोणीस वर्षं झाली. पाठ गेली, झोप गेली. बायको दिपालीशी चार शब्द बोलायला आठवड्यातून एक रविवार उरला. भुताखेतांना तो मानत नाही. देवालाही जेमतेमच. रविवारच्या झोपेला मात्र मनापासून मानतो.

कंपनीच्या गणपतीत तो गायचा. तिथंच त्याच्या डोक्यात आलं, की आपण कराओके सुरू करावं. सोसायट्यांच्या हॉलमध्ये सामान घेऊन जायचं, लोकांना गायला लावायचं. जम बसला की शिफ्टला रामराम.

सामान निवडण्यात त्यानं दोन महिने घालवले. पिंपरी कॅम्पात मुबीनचं दुकान आहे, तिथं ड्युटी सुटली की जाऊन बसायचा. नवनाथची नजर मोठमोठ्या स्पीकर बॉक्सवर. मुबीन त्याला खाली आणायचा.

"भाऊ, हॉलमध्ये माणसं साठ. लोकांना गाणं ऐकवायचंय का भिंत पाडायचीय? बॉक्स मध्यम घ्या, मिक्सर चांगला घ्या."

शेवटी मध्यम आकाराचे दोन बॉक्स, दोन वायरलेस माईक आणि आठ चॅनलचा मिक्सर ठरला. त्या मिक्सरवर प्रत्येक चॅनलला एक बारीक दिवा होता. आवाज आला की हिरवा. जास्तच झाला की लाल.

सॉफ्टवेअर दोन घेतली. एक विकतचं. कुणाचा नंबर कधी, कुणाची पट्टी कोणती, सगळं ते लक्षात ठेवायचं. दुसरं फुकटातलं. कुठल्याही गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचं. बाईचा काढा, बाप्याचा काढा, नाहीतर दोघांचा.

"हे फुकटवालं मूळ फाइलवरच सेव्ह करतं," मुबीननं बजावलं. "आधी कॉपी करायची, मगच हात लावायचा. विसरू नका."

नवनाथनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

रावेतच्या त्या हॉलमध्ये दर शनिवारी ज्येष्ठांचा कार्यक्रम मिळाला. तिथं इंदुताई यायच्या. मूळ रावेतच्याच. ज्या जमिनीवर सोसायटी उभी राहिली ती त्यांच्याच घरची. नवरा अर्जुनराव दिवाळीनंतर गेले. एका रात्रीत, छातीत कळ येऊन. मूलबाळ नाही.

एका शनिवारी त्यांनी नवनाथच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"भाचीच्या लग्नात आमी दोघांनी गाणं म्हनलं व्हतं. ह्यांचा आवाज तेवढाच हाय माज्याकडं. यातला माजा आवाज काढा, ह्यांचा ऱ्हाऊ द्या. म्या समोर बसून म्हनंन, ह्ये यातनं म्हनतील."

"करतो ताई. पुढच्या शनिवारी लावू."

त्या आठवड्यात तिसरी शिफ्ट होती. शुक्रवारी सकाळी सातला घरी आला. अंघोळ नाही, चहा नाही. तसाच लॅपटॉप उघडून बसला. डोळे मिटत होते. पेन ड्राइव्हवरच फाइल उघडली. कॉपी केली नाही. बटण दाबलं. सेव्ह करू का, विचारलं. हो म्हणाला.

लावून बघितलं.

नुसतं संगीत…

इंदुताईंचा आवाज गेला होता. आणि अर्जुनरावांचाही.

झोपेत बोट 'दोघांचा' वर पडलं होतं.

झोप खाडकन उतरली. तो पेन ड्राइव्ह घेऊन मुबीनकडं पळाला. मुबीननं दुपारपर्यंत खटपट केली आणि पेन ड्राइव्ह त्याच्या पुढ्यात ठेवला.

"गेलं, भाऊ. वर लिहिलं गेलंय त्याच्यावर. दुसरीकडं कुठं असेल तर बघा."

दुसरीकडं नव्हतं. एका बाईकडं मेलेल्या नवऱ्याचा आवाज तेवढाच होता, आणि तो आपण पुसला. नवनाथला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती. तरी तो इंदुताईंकडं गेला नाही. उद्या ऐन वेळी सांगू, लॅपटॉप हँग झाला. असं ठरवून तो आडवा झाला.

झोप लागली नाही.

शनिवारी इंदुताई लवकर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीवर स्वतः बसल्या. रिकाम्या खुर्चीपुढं स्टँड ओढला.

"ह्यांच्या म्होरं बी माईक लावा. चालू ठेवा. उगी आपलं बरं दिसतंय."

नवनाथनं दोन नंबरचा माईक लावला. आता तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. पण त्यांनी हात जोडून डोळे मिटले होते.

साडेसातला गाणं लावलं.

आधी वाजंत्री. मग पहिली ओळ पुरुषाची. त्याचा हात माऊसवर होता. ओळ सुरू व्हायच्या आत बंद करायचं आणि म्हणायचं, हँग झाला.

तेवढ्यात बॉक्समधून कुणीतरी श्वास घेतला…

आणि ओळ सुरू झाली.

जाड, थोडा नाकातला, गावाकडचा आवाज. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदुताईंनी डोळे न उघडता पुढची ओळ धरली.

नवनाथनं स्क्रीन बघितली. फाइल तीच. नुसत्या संगीताची.

मिक्सर बघितला.

दोन नंबरच्या चॅनलचा हिरवा दिवा लुकलुकत होता…

स्टँड सरळ करायचं निमित्त काढून तो त्या खुर्चीजवळ गेला. माईकपासून वीतभर अंतरावर कान नेला. तिथं काहीच नव्हतं. आवाज फक्त बॉक्समधून येत होता. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्या हॉलमध्ये साधं खोकलं तरी घुमायचं.

तो आवाज घुमत नव्हता.

गाणं संपलं. इंदुताईंनी त्याचा हात हातात घेतला. "लई उपकार झालं," एवढंच म्हणाल्या. नवनाथ खाली वाकून वायरी गुंडाळायला लागला.

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा तेच गाणं सांगितलं. नंतरच्याही. दर वेळी दोन खुर्च्या, दोन माईक, आणि तो हिरवा दिवा. लोक म्हणायचे, काय क्लिअर रेकॉर्डिंग आहे राव. मधल्या वारी नवनाथनं घरी तोच माईक, तेच गाणं लावून बघितलं. काही आलं नाही. फक्त शनिवारी. फक्त त्या शेजारी बसल्या की.

चौथ्या शनिवारी आवाज एका ओळीला थरथरला.

पाचव्या शनिवारी दोन ओळी उशिरा आल्या. मध्ये मोठा श्वास…

हा श्वास नवनाथला ओळखीचा होता. प्रेसवर रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही की मशीन सोडता येत नाही. आठ तासांवर पुढचे आठ तास ओढायचे. बाराव्या-तेराव्या तासाला माणूस असाच श्वास घेतो. खांद्यातून.

सहाव्या शनिवारी गाणं संपल्यावर इंदुताई म्हणाल्या, "आजून एकदा लावा."

त्यानं लावलं. दुसऱ्यांदा तो आवाज गात नव्हता, नुसता ओढत होता. संगीत थांबल्यावरही दिवा मिणमिणत राहिला. जिना चढून आलेला माणूस पायरीवर बसतो, तशी धाप बॉक्समधून ऐकू आली. लोक समोसे घ्यायला उठले होते. ऐकणारे दोघंच होते.

मंगळवारी दुपारी नवनाथ त्यांच्या घरी गेला. सगळं सांगून टाकलं. झोप, बटण, पुसलेली फाइल. मान खाली घालूनच सांगितलं.

इंदुताईंनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"म्हाईत हाय मला."

"कधीपासनं?"

"पयल्या दिवसापासनं. लग्नात म्या दुसऱ्या कडव्याला शब्द इसरले, तवा ह्ये हसलं व्हतं. त्यात हसू हाय ह्यांचं. तुमच्याकडं हसलं न्हाईत."

पंखा फिरत होता. नवनाथ तांब्यातलं पाणी प्यायला.

"ताई, ते दमलेत हो."

"व्हय. ऐकू येतंय की. चाळीस वर्सं ह्यो श्वास उशाला व्हता."

"मग जाऊ द्या ना त्यांना. मला बघवत नाही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडल्या नाहीत. फार दमल्यासारख्या दिसल्या.

"तुमी घरी जाता तवा दार कोन उघडतं?"

"दिपाली."

"माजं मीच उघडते. सहा दिस गप असते म्या. शनवारी साडेसातला तेवढं बोलनं व्हतं. ह्या शनवारी दोनदा लावा."

नवनाथ उठला. उंबऱ्यापर्यंत गेला, पण नाही म्हणू शकला नाही.

शनिवार आला. खुर्च्या मांडल्या. माईक लावले. साडेसातला त्यानं गाणं सुरू केलं, आणि पहिल्या ओळीच्या आधी चॅनल दोनचं म्यूटचं बटण दाबलं. गडी सुटेल, असं मनाशी म्हणाला. कुणीतरी रजा दिल्याशिवाय सुटणार कसा?

पहिली ओळ कोरी गेली. नुसतं संगीत.

इंदुताईंनी डोळे उघडले. शेजारी बघितलं. आपली ओळ म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. पुन्हा कोरी ओळ… पूर्ण गाणं त्या एकट्या म्हणाल्या, अर्जुनरावांच्या ओळींच्या जागा मोकळ्या सोडून.

मग माईक मांडीवर ठेवून नवनाथकडं बघितलं.

"आलं न्हाईत."

"नाही," नवनाथ म्हणाला.

त्या उठल्या. पिशवी घेतली. लोकांना वाट मागत हळूहळू दारापर्यंत गेल्या. त्यानंतर त्या हॉलमध्ये कधीच आल्या नाहीत.

पण त्यांना मिक्सर दिसत नव्हता. नवनाथला दिसत होता.

म्यूट दाबलं की आवाज बॉक्सपर्यंत जात नाही, एवढंच. माईकमध्ये येणारा आवाज दिवा दाखवतोच.

पहिल्या ओळीला दिवा लागला होता. हिरवा.

दुसऱ्या ओळीला हिरवा.

दुसऱ्या कडव्याला लाल झाला. गाणाऱ्याला वाटलं की आपला आवाज पोचत नाही, तर तो जोर लावतो. शेवटच्या कडव्याला दिवा लालच राहिला. गाणं संपलं, इंदुताई दाराबाहेर गेल्या, तरी लालच.

नवनाथनं माईकचे सेल काढले.

तरीही…

त्याला वर्ष होऊन गेलं. नवनाथ अजून शिफ्टलाच जातो. कराओके बंद आहे. सामान काळेवाडीच्या खोलीत, पलंगाखाली, चादरीत बांधून ठेवलंय. दर शनिवारी साडेसातला तो गाठोडं सोडतो आणि मिक्सरला वायर लावतो. दिपाली ओरडते, तो ऐकत नाही. आता माईक लागत नाही, शेजारी इंदुताईही लागत नाहीत; पाच मिनिटं दोन नंबरचा दिवा लाल जळतो. तो समोर बसून राहतो. विझला की वायर काढतो. म्यूट त्यानं आजवर काढलेलं नाही.

इंदुताईंना जाऊन सांग, मी म्हटलं. तो म्हणाला, काय सांगू, तुम्ही उठून गेलात तेव्हा ते गात होते?

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडं गेलो होतो. शनिवारच होता. दिवा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. निघताना म्हटलं, नवनाथ, विकून टाक हे सगळं. मुबीन अर्ध्या किमतीत घेईल.

त्यानं गाठोडं बांधलं. दोनदा गाठ मारली.

"विकलं असतं रे," तो म्हणाला. "पण घेणारा म्यूट काढील."