निरोपाचा खाऊ

तो दुकानात शिरला तेव्हा चष्मा त्याच्या एका हातात होता आणि चष्म्याची काडी दुसऱ्यात.

"बकरीने खाल्ला," तो म्हणाला. "म्हणजे... खायला घेतला होता. मी वेळेत काढून घेतला."

भर दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानात चिटपाखरूही नसतं. मालक जेवायला घरी गेले होते आणि मी काउंटरमागे डबा संपवत आणला होता. तोंडात चॉकलेटचा अख्खा ट्रफल होता, त्यामुळे 'बसा' हे मी मानेनेच सांगितलं. तो बसला. उंच, उन्हाने रापलेला, केसांत गवताची एक काडी. ती काढावीशी वाटली, पण आमच्या दुकानात फक्त चष्म्याच्या काड्यांचं काम होतं.

स्क्रू बसवून झाला. आता चष्मा कानामागे नीट टेकतो का ते बघायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कानशिलाला बोटं लागणारच. आणि इथेच माझं घोडं पेंड खातं. माझे हात बारा महिने गार असतात. भर उन्हाळ्यातसुद्धा. चुलत भावंडं मला 'फ्रीज' म्हणतात. गिऱ्हाइकं दचकतात, एका आजोबांनी तर 'बाळ, तुझी तब्येत बरी आहे ना?' असं विचारलं होतं. मावशीने एकदा ओळख करून द्यायला एक मुलगा घरी आणला. त्याने हात मिळवला आणि चटका बसल्यासारखा सोडला. पुढे नकार आला. कारण भलतंच सांगितलं होतं, पण माझ्या मनाने जे धरायचं ते धरलं. तेव्हापासून कुणाला स्पर्श करण्याआधी मी तळवे खसाखसा चोळते, आणि कुणाच्या हातात हात देणं शक्यतो टाळतेच.

त्या दिवशीही चोळले. तो बघत होता.

"मीसुद्धा असंच करतो," तो म्हणाला. "हात लावण्याआधी."

"कुणाला?"

"गाईला, मांजराला. ज्याची पाळी असेल त्याला. गार हात लागला की गाय पान्हा चोरते. जनावरांचा डॉक्टर आहे मी, इथे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात."

"म्हणजे मी तुमच्याशी गाईसारखं वागतेय, असं म्हणायचंय?"

"बकरीसारखं वागण्यापेक्षा बरं."

मी हसू दाबलं आणि काडी त्याच्या कानामागे बसवली. तो दचकला नाही. उलट त्याने डोळे मिटून घेतले.

"आहा," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून उन्हात होतो... उगाच चोळलेत तुम्ही हात. होते तसेच चालले असते."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी डबा पुढे सरकवला. त्याने एक ट्रफल उचलून तोंडात टाकला. वरचं चॉकलेट कुडकन फुटलं, तो आवाज मलाही ऐकू आला.

"हे मिळतं कुठे?"

"मिळत नाही. मी करते."

"ओव्हन लागत असेल."

"छे. बिस्किटांचा चुरा, पीनट बटर, वरून चॉकलेट. भाजायचं काही नाही. फक्त धीर हवा, आणि हाताशी फ्रीज."

दोन्ही माझ्यापाशी होते, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. या वेळी वासराने ढुशी मारली होती. त्यानंतर पोपटाने चोच मारली. मग एकदा काडी वाकवून आला आणि मी ती हातात घेतली मात्र, ओठ चावला. जनावराने वाकवलेली काडी कशीही पिळवटलेली असते, तिच्यावर ओरखडे असतात, स्क्रू ढिला होतो. ही काडी कुणीतरी दोन बोटांत धरून, स्क्रूला धक्का न लावता, अगदी बेताने वाकवली होती.

"आज कोण?" मी विचारलं.

"बोकड," तो छताकडे बघत म्हणाला.

"फारच हळव्या मनाचा दिसतो."

त्याचे कान लाल झाले. मी काडी सरळ केली आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो यायचा थांबला असता.

त्याच आठवड्यात मी मुद्दाम दवाखान्यावरून घरी गेले. मुद्दाम म्हणजे, आमचं घर दुसऱ्या टोकाला आहे. दार उघडं होतं. आत एक म्हातारा कुत्रा तपासणीच्या टेबलाखाली अंग चोरून बसला होता, बाहेर यायला तयार नव्हता. आणि डॉक्टर कुठे, तर तेही टेबलाखाली. फरशीवर पोटावर पालथा पडून तो कुत्र्याशी बोलत होता. "बस हवं तर. मला घाई नाही." बाहेर माणसं खोळंबली होती, फोन वाजत होता, आणि हा तळवे चोळत, त्याच संथ आवाजात, पुन्हा म्हणत होता, "मला घाई नाही." बऱ्याच वेळाने कुत्रा सरकत सरकत बाहेर आला आणि त्याने आपलं नाक याच्या तळहातात खुपसलं.

मी तिथेच फूटपाथवर प्रेमात पडले. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. एवढा उंच माणूस एका घाबरलेल्या जिवासाठी जमिनीवर पालथा पडतो, हे बघून जिचं काही होणार नाही, ती मी नव्हे.

नंतर तो आला तेव्हा चष्मा धडधाकट होता.

"ते ट्रफल मला शिकवाल?" त्याने विचारलं. "माझ्या घरी करता येणार नाहीत. घरात चार कुत्री आहेत, चॉकलेट म्हणजे त्यांना विष. शिवाय प्रत्येक ट्रफलला केस चिकटतील ते वेगळेच."

"कुणासाठी करायचेत?"

"दवाखान्यातल्या लोकांसाठी." तो चष्मा पुसू लागला. चष्मा स्वच्छ होता. "निरोपाचा खाऊ. मला लांबच्या शहरात एका मोठ्या इस्पितळात बोलावलंय."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, मी स्टुलावर बसले होते. पण ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"रविवारी या," मी म्हटलं.

रविवारी तो आला तेव्हा आई कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"डॉक्टर, गुरं तपासून थेट इकडे नाही ना आलात?"

"कोपरापर्यंत धुतलेत हात, काकू. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा इथे धुवा."

त्याने निमूटपणे धुतले. आईचं मत तिथेच निम्मं बदललं. उरलेलं निम्मं बिस्किटांनी बदललं. जाड पिशवीत बिस्किटं भरून मी त्याच्या हाती लाटणं दिलं, आणि त्याने इतका एकसारखा, बारीक चुरा केला की आई चिमूट उचलून म्हणाली, "हिच्या वडिलांना एवढ्या वर्षांत जमलं नाही." मी चुऱ्यात पीनट बटर घातलं, किंचित मीठ घातलं आणि मळून घेतलं. आता लिंबाएवढे गोळे वळायचे होते.

माझे झरझर वळून होत होते. त्याच्या हातात मात्र चिखल. तेल सुटून बोटांवरून ओघळत होतं. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग माझं लक्ष गेलं. प्रत्येक गोळा उचलण्याआधी तो तळवे खसाखसा चोळत होता.

"अहो, हात का चोळताय?"

तो थबकला. स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. "सवय..."

"तो बिस्किटांचा चुरा आहे. दचकणार नाही."

आई इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. हसत हसतच ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. स्वयंपाकघरात पातेल्यातल्या पाण्याची बारीक उकळी तेवढी ऐकू येत होती. पातेल्यावर ठेवलेल्या वाडग्यात चॉकलेट सावकाश सैल होत होतं.

"हात पुढे करा," मी म्हटलं.

त्याने केले. मी त्याचे दोन्ही तळवे माझ्या तळव्यांत धरले. न चोळता. त्याचे हात खरोखरच तापलेले होते, रुंद, कडेला जुने ओरखडे. मी मनाला बजावलं की हे केवळ गोळ्यांसाठी चाललंय. मन काही ऐकत नव्हतं.

"होकार कळवलात?" मी हातांकडे बघत विचारलं.

"उद्या कळवायचाय. आधी खाऊ वाटून टाकतो. म्हणजे मग माघार घ्यायला तोंड राहणार नाही."

"माघार घ्यावीशी वाटते?"

"तिथे मोठी यंत्रं आहेत. मी खोलीत बसून अहवाल वाचायचे. जनावराला हात लावणार दुसरंच कुणी. पण सगळे म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. आणि इथे मला अडवणारं तरी... कोण आहे?"

शेवटचा शब्द त्याने प्रश्नासारखा उच्चारला. मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता. बोलायची हीच वेळ होती. पण कुणाची संधी अडवणारी मी कोण? आणि त्याला तसं काही म्हणायचंच नसेल तर?

"आता वळून बघा," मी म्हटलं आणि हात सोडले.

त्याने गोळा उचलला, न चोळता. गरगरीत वळला गेला. त्याने तो तळहातावर धरून मला दाखवला, पण चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसेना.

पुढचं सगळं नीट पार पडलं, इतकं नीट की मला रडू येत होतं. गोळे फ्रीजमध्ये घट्ट झाले. मी एकेक काट्यावर घेऊन चॉकलेटात बुडवायची, वाडग्याच्या काठावर काटा आपटून जास्तीचं चॉकलेट झटकायची, आणि तो वर भाजलेल्या दाण्यांचं कूट भुरभुरवायचा. एवढ्या मोठ्या बोटांत एवढी नाजूक चिमूट कशी मावते, हे मी चोरून बघत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत सारखी इकडे डोकावत होती आणि आम्ही दोघं हवापाण्यावर बोलत होतो.

चॉकलेट घट्ट बसलं तसे मी ट्रफल डब्यात भरले. इतके देखणे ट्रफल मी आजवर केले नव्हते, आणि एकही चाखायची मला इच्छा नव्हती.

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. डबा त्याच्या डाव्या हातात होता. उजवा त्याने पुढे केला.

"येतो मग."

माझे तळवे आपोआप एकमेकांवर गेले. दोनदा चोळले असतील, मग मी थांबले. हा माणूस कदाचित शेवटचा हात मिळवत होता, आणि मी त्याला ऊन करून घेतलेला, उसना हात देणार होते. मी माझा गार हात होता तसा त्याच्या हातात ठेवला.

"गारच आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

त्याने तो सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. शब्द मात्र गळ्याशी येऊन बसले होते, बाहेर यायचं नाव घेत नव्हते. त्याने वाट बघितली. जिन्यावरून कुणीतरी खाली उतरून गेलं, तरी तो वाट बघत होता.

"सांगा," तो त्याच संथ आवाजात म्हणाला. "मला घाई नाही."

आणि मी टेबलाखालून बाहेर आले.

"तुम्ही जावं असं मला वाटत नाही. मला तुम्ही फार आवडता. एवढं माहीत असू दे, आणि मग जायचं तर खुशाल जा. मी अडवणार नाही, पण अडवावंसं वाटलं नाही, असं खोटं सांगणार नाही."

चष्म्याआड त्याचे डोळे चकाकत होते.

"तो बोकड," तो म्हणाला, "मीच होतो."

"माहीत आहे. काडी बघितल्या बघितल्या कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही आला नसतात."

"आलो असतो." त्याने माझा हात उचलून स्वतःच्या गालावर टेकवला, डोळे मिटले, पहिल्या दिवशी मिटले होते तसेच. "चष्म्याशिवाय आलो असतो."

"अजून इथेच का?" आतून आई आली. "डॉक्टर, गेला नाहीत होय? वितळतील की ते."

त्याने माझा हात गालावरून खाली घेतला, पण सोडला नाही. एका हाताने झाकण उघडताना डबा पडता पडता वाचला. मग त्याने तो आईपुढे धरला.

"काकू, तोंड गोड करा."

"मी कशाला? दवाखान्यातल्यांना पुरायला नकोत? निरोपाचे आहेत ना हे?"

"होते," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे. सावकाश पुढे होऊन तिने डब्यात हात घातला.

"मग दोन घेते," आई म्हणाली.