खालीची टाळी

ही घटना शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ सांगितलं असतं, पण माझा देवावर विश्वास नाही. म्हणून तबल्यावर हात ठेवून सांगतो.

साल १९५६. जागा मालाड. मार्वे रस्त्यालगतचा एक वृद्धाश्रम.

वेळ दुपारची, चहाच्या आधीची. भुतं दुपारी येत नाहीत अशी ज्यांची समजूत आहे, त्यांची मला दया येते.

माझा मित्र अनंत पेटी वाजवत गायचा आणि मी साथीला तबला. अनंतच्या गाण्याला लोक हळूहळू उठून जात. वृद्धाश्रमात ती भीती नव्हती. तिथल्या बऱ्याच जणांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं.

पण त्या दिवशी आम्ही फक्त गायला गेलो नव्हतो.

अनंतला वाढवलं त्याच्या आत्यानं, वनमालाबाईंनी. जागेअभावी त्यानं तिला तिथं ठेवलं होतं. आता त्याला मरोळला दोन खोल्या मिळाल्या होत्या. गाणं झालं की आत्याला घेऊन घरी जायचं. तिची बांधलेली ट्रंक खाटेशी तयार होती.

दारातच जानकी भेटली. तिथं म्हाताऱ्यांचं सगळं करणारी, मालवणकडची.

"गाणा काय व्हया ता गावा," ती म्हणाली. "पण भैरवी नको."

"का गं?"

"हयसर भैरवी झाली काय... एक खाट रिकामी होता."

अनंत हसला. "अगं, भैरवीशिवाय मैफल संपवायची कशी?"

"चाय पिवन संपवा."

मला तो तोडगा पटला. अनंतलाही पटला, कारण आत्या आतल्या खाटेवरून ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

गाणं सुरू झालं. दोन्ही बाजूंना खाटा, मधे सतरंजीवर आम्ही. म्हातारी मंडळी मांडीवर ठेका धरत होती. खिडकीजवळच्या खाटेवर तेवढी गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तीन-चार गाणी झाली. अनंतनं रुमालानं घाम पुसला.

आणि मागून आवाज आला...

"भैरवी होऊ द्या."

पुरुषाचा. मऊ. खिडकीकडून.

मी वळून पाहिलं.

गुंडाळलेली गादी.

बाकी सगळे खाली फरशीकडे बघत होते. कोणी कोणाला विचारलं नाही, कोण बोललं म्हणून.

"होऊ द्या की..."

आता आवाज जवळून आला. आत्याच्या खाटेजवळून.

इथं अनंतची एक अडचण समजून घ्यायला हवी. आयुष्यात त्याला कोणी फर्माईश केली नव्हती. 'पुरे करा' ही सोडून. त्यामुळे आवाज कुठून येतोय हे पाहण्याआधीच त्याची बोटं पेटीवर गेली होती.

भैरवी.

"अरे गाढवा!" मी पुटपुटलो. पण गायक सुटला की तबलजीला थांबता येत नाही, हात आपोआप चालतात. मी केरव्याचा ठेका धरला.

आणि मग मला ते ऐकू आलं...

टाळी.

ज्यांना ताल कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालात एक जागा खालीची असते. खाली म्हणजे रिकामी. तिथं टाळी वाजवत नाहीत, हात नुसता हवेत फिरवतात.

कोणीतरी बरोबर तिथंच टाळी देत होतं.

दर आवर्तनाला. न चुकता. फक्त रिकाम्या जागेवर...

आधी वाटलं, कुणा म्हाताऱ्याचा ताल चुकतोय. मी एकेकाचे हात पाहिले. सगळ्यांचे हात मांडीवर. घट्ट. ठेकासुद्धा थांबलेला.

टाळी आत्याच्या उशाशी वाजत होती.

आत्या खाटेवरून उतरली. धडपडत आली आणि पेटीच्या भात्यावर तिनं दोन्ही हात दाबून धरले.

"अन्या, पुरे! मला घरी यायचंय रे..."

पेटी कण्हली आणि बंद पडली. माझेही हात थांबले.

शांतता.

आणि त्या शांततेत... नेमक्या खालीच्या जागी...

टाळी.

मग परत.

जानकी पदर तोंडाशी धरून उभी होती. "चला," ती म्हणाली, "हयसून आधी चला."

ट्रंक मी उचलली. आत्याला अनंतनं. चहा राहिला.

आम्ही टांगा केला. स्टेशन दिसायला लागलं तशी आत्या म्हणाली, "विद्याधर, तबला वाजवतोयस का रे तू?"

"नाही, आत्या."

तबला-डग्गा माझ्या पायाशी गवसणीत बांधलेला होता.

"मग थांबव ना त्याला," ती म्हणाली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही. अनंतकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता आणि त्याचा गुडघा हलत होता... संथ, केरव्यात.

 मी अजून तबला वाजवतो, पण खाली आली की मान आपोआप मागं वळते. श्रोत्यांना ती लकब वाटते.

आत्या मरोळच्या घरी बरीच वर्षं राहिली आणि काविळीनं गेली. भैरवी सोडाच, त्या दिवशी घरात कोणी गातसुद्धा नव्हतं.