निळ्या टोकाकडे सरकणारं बटण

खोटं वाटलं तर वाटू दे. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलंय मी. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांकडे पुरावा मागायचो.

आज माझ्याकडेच पुरावा नाही. फक्त गाडी आहे...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापूर, शिवाजी पेठ. पहाटेचं दाट धुकं.

जयसिंगपूरच्या पारसकडून मी जुनी व्हॅन घेतली होती. नात राजनंदिनी आणि तिच्या मैत्रिणींना शिकवणीला सोडायला. नंदिनीला दमा आहे. गार हवा लागली की श्वास अडकतो. म्हणून मुद्दाम हीटरवाली गाडी शोधली.

मुली बसल्या की मी हजेरी घ्यायचो. शेवटी विचारायचो, "कुणी राहिलं का?"

मुली खिदळायच्या.

पहिल्याच दिवशी रंकाळ्याजवळ हीटर गार पडला.

"आबा, बटण बघा की..."

लाल टोकाला ठेवलेलं बटण निळ्या टोकाला गेलं होतं.

नंदिनी खोकायला लागली.

पेठेतला मेकॅनिक कृष्णात माझा विद्यार्थी. "गुरुजी, बटणाची तार ढिली हाय. ती आतली झडप ओढती. झडप इकडं, गरम. तिकडं, गार."

"हे मीच शिकवलं असेल तुला."

"न्हाय, तुमी मला बाकावर उभं केलतं!"

त्यानं तार बदलली. "आता गाडीत भाकरी भाजा."

दुसऱ्या पहाटे माझं अर्धं लक्ष बटणावरच होतं.

रंकाळा आला... टिक.

टिक... टिक...

माझ्या डोळ्यांदेखत ते निळ्याकडे सरकत होतं. गाडी कडेला घेतली. बटण बोटांत धरलं. पलीकडून कुणीतरी ओढत होतं.

जोर लहानच होता. पण सोडत नव्हता.

त्या दिवशी नंदिनीला दवाखान्यात न्यावं लागलं.

कृष्णात हट्टाला पेटला. तार काढून टाकली. झडप गरम बाजूला घट्ट बांधली. एसीचा पट्टाही काढला. गार हवा यायची वाटच ठेवली नाही.

भर दुपारी आम्ही दोघेच गाडीत बसलो. हीटर छान तापला. हायसं वाटलं, आणि मी सवयीनं बोलून गेलो, "कुणी राहिलं का?"

मागच्या सीटवरून...

"हजर."

घशाला कोरड पडलेल्या लहान मुलाचा आवाज.

आणि बर्फासारखी हवा तोंडावर आली.

कृष्णातनं वाकून झडप चाचपली. "गुरुजी... बांधल्याली हाय तशीच हाय."

मागे कुणीच नव्हतं.

पारसला फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं.

"गुरुजी, गाडी लॉक करायच्या आधी मागं बघता न्हवं?"

"का हो?"

"बघत जावा. उन्हाळ्यात तर बघाच."

फोन कटला. पुन्हा कधी लागला नाही.

नंदिनी आता रिक्षानं जाते. तब्येत बरी आहे तिची. गाडी विकायला मन धजत नाही. घेणाऱ्याच्या घरातही लेकरं असतील. म्हणून अंगणातच उभी आहे.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. बंद गाडीच्या मागच्या काचेवर मात्र आतून वाफ धरली होती.

वाफेत एक छोटा पंजा... खाली ओघळत गेलेला.

मी सगळी दारं उघडली.

तेव्हापासून ऊन चढायच्या आत रोज उघडतो. पेठेतली पोरं विचारतात, "गुरुजी, दारं का उघडी ठेवता?" मी त्यांना सावलीत खेळायला पिटाळतो.

संध्याकाळी दारं लावताना मागे नीट बघतो. सीट रिकामी असते.

"कुणी राहिलं का?" ओठांपर्यंत येतं...

विचारायची हिंमत होत नाही.