कोरड्या डोळ्यांची सभा

श्वासपारखी आल्यापासून सोनगावात कुणी मोठ्यानं भांडत नव्हतं. खाणीच्या भुकटीनं निम्म्या गावाला दमा जडलेला, आणि प्रत्येक दमेकऱ्याच्या गळ्याखाली रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली. तीच श्वासपारखी. ती छातीतली घरघर ऐके, घामातली भीती हुंगे आणि ठरवी, ही धाप श्वासनळ्यांची की मनाची. नळ्यांची असेल तर कमरेचा औषधाचा पंप उघडे. मनाची असेल तर पंपाला कुलूप, आणि गोड आवाजात सांगणं, "मन शांत करा." चकती काढून टाकली तर पंप उघडतच नसे.

दामूअण्णांच्या पंपाला असंच कुलूप पडलं. इंदूताईंच्या कीर्तनात तीस वर्षं तबल्याची साथ करणारा माणूस. द्रौपदीवस्त्रहरणाचं आख्यान लागलं की हमखास रडायचा. चकती पहिले वीस दिवस माणसाच्या सवयी शिकून घेते. अण्णांचे ते वीस दिवस नेमके चैत्राच्या उत्सवातले. रोज कीर्तन, रोज डोळ्यांत पाणी. चकती शिकली, हा माणूस धापा टाकतो तो भावनेनं. पुढं खरा दमा उसळला तेव्हा ती त्यांना शांत व्हायला सांगत राहिली. शेवटपर्यंत.

तेरावं आटोपलं आणि इंदूताई तडक चकती घडवणाऱ्या डॉक्टर मृण्मयी केळकरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर मायेनं समजावू लागल्या. भीतीनंही धाप लागते, अशा वेळी उगाच घेतलेल्या औषधानं काळीज धडधडतं, चकतीनं कितीतरी जीव वाचवलेत.

"आणि श्वास अडला की भीती वाटत नाही?" ताईंनी विचारलं.

"वाटते. थोड्याच वेळात दोन्ही अशी मिसळतात, की मलासुद्धा वेगळी काढता येत नाहीत."

"मग तुमच्या चकतीला कशी येतात?"

"तिला एकच कारण निवडावं लागतं, ताई." डॉक्टरांनी मान खाली घातली. "रागावू नका. तुमच्याही गळ्याखाली तीच आहे."

त्याच संध्याकाळी दत्ताच्या देवळात ताई कीर्तनाला उभ्या राहिल्या. तबल्याची जागा रिकामी. आख्यान तेच. दुःशासनानं पदराला हात घातला. या जागी बायका डोळ्यांना पदर लावतात, म्हातारे नाक ओढतात. आज सगळे चेहरे घासून पालथ्या घातलेल्या ताटांसारखे. कुणी ओठांतल्या ओठांत श्वास मोजत होतं.

ताई थांबल्या. "अहो, भरसभेत तिची अब्रू घेतायत. कुणालाच काही होत नाही?"

पुढं बसलेल्या गोदाक्कांनी चकतीवर हात ठेवला. "होतं गं माय. होऊ देत नाही. घरी जायचंय आम्हाला."

हस्तिनापुरातही असेच बसले असतील सगळे, ताईंच्या मनात आलं. शहाणे, शांत, घरी जायची घाई असलेले. पायांपासून राग चढत गेला. छाती आवळली. कमरेच्या पंपाला खट्कन कुलूप पडलं आणि गोड आवाज बोलू लागला.

ताईंनी चिपळ्या उचलल्या आणि द्रौपदीचा टाहो त्या आवाजाच्या वर नेला. श्वास पुरेल तिथवर.